गाडीचे डोळे शेवटी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात आणि घरात कार्य निघालं की धडाधड खाली पडतात. परवा निखिलच्या साखरपुड्याला पेणला आमचा अख्खा क्लब जमला, तेव्हा हेच झालं. पंगतीत कोणीतरी नुसतं "वेबसाइट" एवढंच म्हणालं आणि प्रथमेशला असा ठसका लागला की नवरीकडचे लोक पाणी घेऊन धावले.

आधी ओळखी करून देते. पेणच्या बाहेर, वडखळच्या अंगाला आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. त्यात आमचा क्लब, 'टीम वावटळ'. एका माणसाची, बॅटरीवर चालणारी गाडी बनवायची आणि कॉलेजांच्या रेसमध्ये पळवायची, हा उद्योग. आमची वावटळ तोवर फार तर कॅन्टीनपर्यंत गेली होती, तीही तिकडे उतार होता म्हणून. निखिल कॅप्टन, पेणचाच, घरी गणपतीचा कारखाना. प्रथमेश वेल्डिंगवाला, धरमतरच्या खाडीकडचा. मी रोह्याहून एसटीने येणारी. चालणारा लॅपटॉप माझ्या एकटीकडे असल्यामुळे वेबसाइट माझ्या गळ्यात पडली.

वेबसाइट हौसेने काढली नव्हती. कॉलेजच्या मागे पत्र्याची एक शेड होती, तिथे आमचा संसार. विभागप्रमुख सरांनी नवीकोरी गाडी घेतली होती, ती ते झाडाखाली लावायचे आणि झाडावरचे कावळे रोज तिच्यावर आपला अभिप्राय देऊन जायचे. त्यामुळे सरांना शेड हवी होती. त्यांनी स्वच्छ सांगितलं: वेबसाइट काढा, तिच्यावरून नवी मुलं आणि एक तरी स्पॉन्सर आणून दाखवा. सेमिस्टर संपेपर्यंत जमलं नाही तर शेडचं पार्किंग होईल. शेड गेली म्हणजे क्लब गेला. आणि खरं सांगायचं तर त्या शेडसाठीच आम्ही कॉलेजला येत होतो.

*

वेबसाइटला आधी फोटो लागतो. आमची गाडी म्हणजे पाइपांचा सांगाडा आणि त्यावर बांधलेली प्लास्टिकची खुर्ची. हा फोटो पाहून स्पॉन्सर आला असता, पण दया करायला. शेवटी निखिलच्या काकांनी कारखान्यात फायबरची बॉडी करून दिली. काय बॉडी होती! पीतांबराचा पिवळा रंग, कडेला सोनेरी किनार. फक्त पुढच्या दिव्यांची जागा कोरी.

रेस दिवसा असते, त्यामुळे खरे दिवे नकोच होते, नुसते रंगवायचे होते. मी काकांना म्हटलं, दोन गोल तर काढायचेत, आत्ताच काढून टाका. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना सोवळ्यात शिवले.

"डोळे शेवटी," ते म्हणाले. "जागेवर बसवा, मग मी येतो डोळ्यांच्या आखणीला."

गाडी कारखान्यातून निघाली ती तोंडावर लाल रुमाल बांधूनच. टेम्पोवाला दर वर्षी मूर्ती पोचवणारा. त्याने ना वाटेत रुमाल सोडू दिला, ना कॉलेजात. बसवल्याशिवाय तोंड उघडायचं नाय, असा दम देऊनच गेला. म्हणून आमच्या होमपेजवर तोंड झाकलेली गाडी आणि खाली मोठ्या अक्षरांत 'वेगाचं नवं रूप'.

वेबसाइट सुरू झाली आणि त्याच संध्याकाळी पहिला मेसेज आला. आम्ही सगळे श्वास रोखून लॅपटॉपवर वाकलो. कोणीतरी विचारलं होतं, "गाडीची दाढ काढली का?"

*

संपर्कासाठी निखिलने कारखान्याचा नंबर दिला होता. का, तर स्वतःचा फोन तो कधीच उचलत नाही. कारखान्याचा फोन काका उचलायचे, आणि कारखान्यात फोन करणाऱ्या माणसाला गणपती सोडून दुसरं काही हवं असेल, हे काकांच्या गावीही नव्हतं.

माणगावच्या सुमित नावाच्या फर्स्ट इयरच्या मुलाने क्लबात यायचं म्हणून फोन केला. काकांनी त्याला गाव विचारलं, घरात मखर केवढं मावतं ते विचारलं, गेल्या वर्षीची मूर्ती कुठून आणली होती तेही विचारलं. पोरगं बुजरं. त्याला वाटलं, इंटरव्ह्यू चाललाय. शेवटी काकांनी दीड फुटाची मूर्ती त्याच्या नावावर लिहून टाकली, तेव्हा त्याला नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये आला आणि दबक्या आवाजात विचारू लागला, की क्लबात येणाऱ्या प्रत्येकाला गणपती घ्यावाच लागतो का. निखिल कॅप्टन होता, पण त्याआधी तो कारखानदाराचा पुतण्या होता. तो म्हणाला, "सक्ती नाही, पण घेतलेला बरा."

सुमित आमचा पहिला नवा सभासद. पुढे कितीही प्रयत्न केले तरी शेवटचाही तोच ठरला.

*

मग 'आमची टीम' हे पान. प्रत्येकाने स्वतःबद्दल चार ओळी लिहून द्यायच्या, एवढं साधं काम. प्रथमेशला लिहायचा भयंकर कंटाळा. त्याच्या मोठ्या भावाचं लग्न जमवणं चालू होतं, त्याचा बायोडेटा मोबाइलमध्ये तयारच होता. या पठ्ठ्याने वरचं नाव बदललं आणि मला पाठवून दिला. मी एसटीत बसल्याबसल्या न वाचता चढवला.

तर आमच्या वेबसाइटवर वेल्डिंग विभागप्रमुख प्रथमेशची उंची, वर्ण, रास, मामाचं कूळ आणि 'स्वतःचं घर, होडीत अर्धा हिस्सा' अशी माहिती झळकू लागली. तळाला अपेक्षाही होती: मुलगी समजूतदार असावी.

सगळ्या वेबसाइटमध्ये हेच पान सगळ्यांत जास्त पाहिलं गेलं. मी ते काढायला निघाले तर निखिलने अडवलं. लोक येताहेत तर येऊ दे, त्यातलेच दोन गाडीकडे वळतील, असं त्याचं म्हणणं. दोन वळले. नागोठण्याहून एक गृहस्थ आणि त्यांची बायको. त्यांनी चिठ्ठी पाठवली, की मुलगा कामात असताना पाहायला मिळाला तर बरं.

*

स्पॉन्सर काही मिळेना. बॅटरीवाले, टायरवाले, हार्डवेअरवाले, सगळे वेबसाइट बघून 'छान आहे' म्हणायचे आणि विषय बदलायचे. शेवटी प्रथमेशची आई धावून आली. तिचा बायकांचा बचत गट होता, पोह्याचे पापड करणारा. गटातल्या बायका म्हणाल्या, आम्ही देतो तुम्हाला पापड, तुम्ही आमचं नाव लावा.

मी पापडाचा फोटो लावला आणि दाखवायला बोलावलं. सगळा गट नेसून-सवरून कॉलेजात आला. लॅबमध्ये प्रोजेक्टर लावला. बायका बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"आमचा पापड गोल हाय गो," प्रथमेशची आई शेवटी म्हणाली. "ह्यो लांबट कोनाचा?"

पानाच्या मापात बसवताना फोटो ताणला गेला होता, तो मला सरळ करता येईना. पण गटाचं नाव पंचक्रोशीत आहे. लांबट पापड खपवून घेतला जाणार नव्हता. दोन दिवस खटपट करून मी अख्ख्या पानाचंच माप बदललं. पापड गोल झाला आणि गाडी चपटी झाली. सरांनी पाहिलं तेव्हा ते पहिल्यांदाच खूश झाले. म्हणाले, आता कशी ती स्पोर्ट्स कार वाटते.

पापडांना मात्र ते स्पॉन्सर मानायला तयार नव्हते. पापड तळून खाताना त्यांनी हे दोनदा सांगितलं.

*

सरांचा एक छोटा किस्सा मध्येच सांगून घेते. त्यांनी वेबसाइट तपासायला मागितली, पण प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून. मी केली. सरांनी लाल पेन घेऊन एकेक पान पाहिलं आणि 'सामील व्हा' या छापलेल्या बटणावर बोट दाबलं.

"आता काय होतं?"

"काही नाही, सर."

"मी तेच म्हणतोय."

*

सेमिस्टर संपत आलं. मी रोज एसटीत बसून मेल बघायचे आणि रोज पापडांच्या ऑर्डरी असायच्या. एकदा तर कोलाडजवळ चक्क रडू आलं. आणि नेमका त्याच दिवशी मेल आला. रोह्याच्या एका कंपनीतल्या साहेबांचा. वेबसाइट पाहिली, कुतूहल वाटलं, रविवारी गाडी बघायला येतो, असा. मी आनंदाच्या भरात होमपेजवर टाकून दिलं: रविवारी शेडमध्ये गाडीचं अनावरण, सर्वांचं स्वागत.

हे 'सर्वांचं' नडलं. सर्व आले.

बचत गट आला. गणपती बुक केलेली मंडळी आली, त्यांना कारखान्याची नवी शाखा वाटली. नागोठण्याचं जोडपं आलं आणि प्रथमेशसमोर खुर्च्या टाकून बसलं. प्रथमेश त्या दिवशी कारण नसताना सारखं वेल्डिंग करत होता. सुमित आपल्या आईवडलांना घेऊन आला. मग काका आले, रंगाच्या वाट्या आणि कुंचल्यांची पेटी घेऊन. सर आले. शेवटी रोह्याचे साहेब आले.

गाडी शेडच्या मधोमध, दाराकडे तोंड करून ठेवली होती. ही हिची जागा ना, असं काकांनी एकदा विचारून घेतलं. मग रुमाल सोडला आणि ते बसले. त्यांनी दिवे काढलेच नाहीत. त्यांनी डोळे काढले. पापण्या, बुबुळं, कडेची लाली, सगळं. शेवटचा ठिपका टेकवून ते बाजूला झाले आणि गाडीने आमच्याकडे पाहिलं.

मग प्रथमेशची आई पुढे झाली आणि तिने गाडीला हळदकुंकू लावलं. कोणीतरी नारळ फोडला. मी मागे वळले तर दाराबाहेर चपलांचा ढीग, त्यात साहेबांचे बूट. मी तयार केलेलं मोटरचं प्रेझेंटेशन कोणी मागितलंच नाही. साहेबांनी हात जोडले, खोबरं घेतलं आणि डोळे पुसत निघून गेले. स्पॉन्सरशिपचं त्यांच्याही लक्षात राहिलं नाही, आमच्याही नाही. पुढच्या संकष्टीला ते परत आले, पण एकटे, आणि दुर्वा घेऊन.

म्हणजे हिशोबाला आम्ही हरलोच होतो. एक सुमित, आणि न मानलेले पापड.

सोमवारी सकाळी सर आपली गाडी घेऊन थेट शेडच्या दाराशी आले. हॉर्न वाजवला. आम्ही निमूटपणे दार उघडलं. सरांनी गाडी आत घ्यायला म्हणून थोडी पुढे आणली आणि एकदम ब्रेक दाबला. समोर ती, दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होती. सरांनी हळूच इंजिन बंद केलं. मग उतरले, दाराशी चपला काढल्या आणि आत आले.

"हिचं तोंड जरा तिकडं फिरवता येईल का रे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"काका म्हणाले, एकदा बसवली की हलवायची नाही," निखिल म्हणाला.

सरांनी चपला घातल्या, गाडी मागे घेतली आणि पुन्हा झाडाखाली नेऊन लावली. वर कावळे होतेच. आम्ही एकमेकांचे हात घट्ट धरून उभे होतो. एवढ्यात सर अर्ध्या वाटेतून परत आले.

"हलवायची नाही म्हणता, मग रेसला कशी नेणार?"

निखिलने माझ्याकडे पाहिलं, मी प्रथमेशकडे, आणि प्रथमेशने गाडीकडे.

"ते अजून वेबसाइटवर टाकलेलं नाही, सर," निखिल म्हणाला.