बांगड्या जरा वर सारा

मी मुंबईत फोटोग्राफी शिकते, हे तिसरं वर्ष, आणि या तीन वर्षांत मी जे जे टिपलं ते तुम्ही सगळं आधीच पाहिलेलं आहे. गेटवेची कबुतरं, मरीन ड्राइव्हवर पाठमोरं बसलेलं जोडपं, धोबीघाटावरच्या चादरी, काळीपिवळी टॅक्सी. आमच्या हॉस्टेलमधल्या सहाजणी दर रविवारी त्याच कबुतरांवर तुटून पडतात आणि सोमवारी प्रत्येकीला वाटतं की आपली कबुतरं काहीतरी वेगळं सांगतायत. मी शेवटच्या सत्राचा बारा फोटोंचा संच घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पत्ते पिसावेत तसे ते भरभर पाहिले आणि म्हणाले, "हे मी पाहिलंय." आमचे सर प्रत्येक गोष्टीला असंच म्हणतात. सोमवारी नवे बारा आणले नाहीत तर सत्र पुन्हा करावं लागेल, हेही त्यांनी तितक्याच कंटाळ्याने सांगितलं.

"तुझा तो हातांचा फोटो होता, तसं काहीतरी आण," ते जाता जाता म्हणाले.

तो फोटो स्पर्धेत बक्षीस मिळवून कॉलेजच्या व्हरांड्यात लागलेला आहे. पहिल्या वर्षी आमची सहल पनवेलजवळच्या मिठागरात गेली होती, तिथला. भेगाळलेल्या दोन हातांची ओंजळ आणि तिच्यात मीठ. खाली पट्टी: 'धर्मा, मिठागर कामगार'. सरांची शिकवणच होती, की चेहरा पासपोर्टसाठी असतो, माणूस हातात दिसतो. मी ती वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. म्हटलं, चला पुन्हा पनवेलला. मावशी नवीन पनवेलमध्येच राहते, त्यामुळे राहण्याजेवणाचा प्रश्न नव्हता.

शुक्रवारी दुपारी एसटीने पोचले. मावशीने दारातच विचारलं, "पनवेलमध्ये फोटो काढण्यासारखं काय आहे गं? इथले लोक फोटो काढायला मुंबईला जातात." तिचं खरंच होतं. तरी संध्याकाळी शेअर रिक्षाने नेऱ्याला जाऊन आले. डोंगर सुंदर आहेत, पण ते फार्महाउसांच्या कंपाउंडमधून जेवढे दिसतील तेवढेच. भिंतीला काचा लावायच्या, गेटवर कुत्र्याचं चित्र टांगायचं आणि फार्महाउसचं नाव ठेवायचं 'मोकळं आभाळ'. एका शेताच्या बांधावर पुण्यामुंबईची काही मंडळी भाड्याच्या बैलगाडीत बसून फोटो काढत होती. बैल कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, बाकी सगळे बघत होते. जायचंच असेल तर सकाळी जा, आणि पाणी बरोबर न्या, कारण रस्त्यावर दुकानं कमी आहेत.

शनिवारी सकाळी आपटा. पाताळगंगेच्या काठचं गाव आणि जुन्या वळणाचं छोटंसं स्टेशन. तुम्ही कधीही गेला नसाल तरी हे स्टेशन तुमच्या ओळखीचं असेल, कारण निम्म्या महाराष्ट्राच्या लग्नाआधीच्या शूटिंगमध्ये ते आहे. मी पोचले तेव्हा प्लॅटफॉर्मवर तीन जोडपी नंबर लावून उभी होती. एका मुलीचा घोळदार झगा इतका लांब, की तो धरायला तिचा भाऊ आणला होता. फोटोग्राफर नवऱ्यामुलाला सांगत होता, "सर, मॅडमकडे नका बघू. ट्रेन येतेय असं बघा."

शेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईंनी त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिलं आणि विचारलं, "गारी आली काय?"

"नाही हो, नुसतं बघतोय," नवरामुलगा म्हणाला.

"मंग कशाला बगतंस?" त्या म्हणाल्या. मी तिथे दोन तास नाक मुरडत थांबले आणि तेवढ्यात रिकाम्या बाकाचे एकोणीस फोटो काढले. स्क्रीनवर पाहताना सरांचा आवाज ऐकू आला आणि मी ते बाकासकट पुसून टाकले.

दुपारी पळस्पे फाट्यावर मिसळ खाल्ली. हा फाटा म्हणजे गोव्याला जाणाऱ्यांची आणि पुण्याला जाणाऱ्यांची ताटातूट होण्याची जागा. दोन्हीकडचे लोक इथे थांबून हायवेला शिव्या देतात आणि वडे खातात. तिथून उरणच्या बाजूला, त्याच मिठागराकडे रिक्षा केली. खाडीकाठच्या या गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. तुम्ही कॅमेरे घेऊन जाल. मिठाचा हंगाम चालू होता. आगराचे चौकोन पाण्याने भरलेले, कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी, आणि पलीकडे नव्या इमारतींचा पिवळा रंग. मला धर्माकाका हवे होते. त्यांचे हात, या वेळी वेगळ्या उजेडात.

त्यांची बायको जनाकाकी राशीपाशी उभी होती. तिने मला दोन वर्षांनी पाहिलं आणि लगेच ओळखलं. तिचा पहिला प्रश्न होता, "फोटू आनलास?"

मी काहीच आणलं नव्हतं. मला आठवलंसुद्धा नव्हतं. पहिल्या वर्षी निघताना धर्माकाका म्हणाले होते, फोटू आनून दे हां बाय, आणि मी म्हटलं होतं, देते ना. असं मी सगळ्यांनाच म्हणते.

"काका कुठे आहेत?" मी विचारलं.

"गेला तो. शिमग्याच्या तोंडावर गेला, या गुरवारी वरीस होल." तिने घाम पुसला. "सगल्यांना सांगत फिराचा, मुंबैच्या पोरीनी माजा फोटू नेलाय, आनून देल. इथं लय लोक येतात फोटू न्याला. नेतात. आनून कोनी देत नाय."

तिने मला घरी नेलं. भिंतीवर काकांचं आधारकार्ड झेरॉक्सच्या दुकानात मोठं करून लावलेलं होतं. मोठा करताना फोटो इतका विस्कटला होता की डोळ्यांच्या जागी दोन काळे चौकोन होते. "वर्साला पावनी येतील. ह्यो बगून नातू विचारतो, ह्यो कोन," काकी म्हणाली. "तुज्याकडं चांगला असल. त्यो दे. बाकी मना काय नको."

"उद्या आणते," मी म्हटलं, आणि या वेळी मला ते खरंच करायचं होतं.

संध्याकाळी मावशीकडे लॅपटॉप उघडला. सहलीच्या त्या दिवसाचे त्रेचाळीस फोटो होते. हात. पाय. पाठ. उन्हाविरुद्ध काळी आकृती. टोपलीमागे अर्धं डोकं. मिठावरची सावली. त्रेचाळीस वेळा मी त्या माणसासमोर कॅमेरा धरला होता आणि एकदाही त्याचं तोंड टिपलं नव्हतं. मी पहिल्यापासून पुन्हा बघितले, मोठे करून बघितले. मावशी मागून म्हणाली, "अगं, माणूस कुठाय यात?" मला तिचा राग आला आणि मग स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळी पनवेलच्या बाजारातल्या फोटो स्टुडिओत गेले. दुसरं काहीच नव्हतं, म्हणून व्हरांड्यातला तोच हातांचा फोटो मोठा करून, लाकडी फ्रेम घालून घेतला. स्टुडिओवाल्यांनी कशासाठी म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, वर्षश्राद्धाला हात लावणार? हार कुठे घालायचा?" मी म्हटलं, हा गाजलेला फोटो आहे. ते म्हणाले, "असेल."

काकीने फ्रेम दोन्ही हातांत धरून दारातल्या उजेडाला नेली.

"ह्ये त्याचं हात नाय," ती म्हणाली. "ह्ये माजं हात हायत."

मी म्हटलं, "नाही काकी, हे काकांचे आहेत. कॉलेजात नाव लिहिलंय खाली."

"कॉलेजला काय ठाव?" तिने डावा अंगठा माझ्यापुढे धरला. त्यावर आडवा जुना व्रण होता. फोटोतल्या अंगठ्यावरही तोच, त्याच जागी. "कोयता लागलेला. आनि तूच बोललीस ना, काकी, बांगड्या जरा वर सारा, फोटूत नको. मी कोपरापरेंत सारल्या, मंग तू काडलास."

तेव्हा मला आठवलं. हिरव्या बांगड्या. पांढऱ्या मिठावर त्या फार उठून दिसत होत्या, मला नको होत्या. मीच म्हटलं होतं. नंतर खोलीवर फोटो निवडताना इतके खरखरीत हात म्हणजे पुरुषाचेच, असं मी धरून चालले. सरांनीही धरलं, परीक्षकांनीही धरलं, दोन वर्षं सगळं कॉलेज त्या पट्टीसमोरून जात होतं. नेऱ्याच्या बैलगाडीतल्या मंडळींना मी हसले होते. त्यांनी निदान बैलाला बैल म्हटलं होतं.

"मंग त्याचा...?" काकीने विचारलं.

"नाही. माझ्याकडे त्यांचा एकही नाही."

तिने फ्रेम माझ्या हातात परत दिली, आत जाऊन तोंड धुऊन आली आणि दाराशी सरळ उभी राहिली. "आता माजा काड. पुरा तोंडाचा. मागं मीठबीठ नको. मी गेल्यावर पोरांनी आधारचा लावला तर मना चालाचा नाय."

मी काढला. समोरून, डोळ्यांत डोळे घालून. तिचे हात खाली सरळ सोडलेले होते. या वेळी वर सारायला बांगड्या नव्हत्या.

निघताना पुन्हा पनवेलच्या स्टुडिओत उतरून प्रिंट काढली आणि तीच रिक्षा उलट फिरवली. रिक्षावाल्याला मी वेडी वाटले असणार. काकीने फोटो हातभर लांब धरून पाहिला.

"तोंड रागावल्यावानी दिसतं," ती म्हणाली.

"तुम्ही रागावलेल्याच होतात."

"मंग बराबर हाय." तिने तो काकांच्या आधारकार्डाशेजारी ठेवून पाहिला, आणि मग पेटीत ठेवला.

सोमवारी मी सरांपुढे एकच फोटो ठेवला. ते म्हणाले, "हे मी पाहिलंय. हा तर पासपोर्ट झाला." मी म्हटलं, "सर, तुम्ही यांचे फक्त हात पाहिलेत," आणि व्हरांड्यात जाऊन 'धर्मा' ही पट्टी काढून 'जनाबाई' लावली. सत्र पुन्हा करावं लागणार आहे. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

तर मिठागराला जायचं असेल तर माघ-फाल्गुन बरा. सकाळी लवकर पोचा, जुन्या चपला घाला, डोक्यावर काहीतरी घ्या. आणि पोचल्याबरोबर, उजेडबिजेड बघायच्या आधी, समोरच्या माणसाचा तोंडाचा एक फोटो काढा. गुरुवारी काकीकडे पाव्हणे आले असतील. हार त्या दोन काळ्या चौकोनांनाच घातला असेल.