झोळ धरून

‘जवळ’ हा शब्द मोजणीदारांना चालत नसे. एसटी स्टँड इथून जवळच आहे, असे कोणी म्हणाले की ते शांतपणे सांगत, “जवळ हे माप न्हाई, मत हाय.” सरकारी जमीनमोजणीत उभा जन्म काढलेला हा माणूस माझा सख्खा मामा. त्यांनी लग्न केले नाही. आई-वडिलांच्या सततच्या बदल्यांमुळे माझी शाळेची सहा वर्षे घाटावरच्या बेलापुरात त्यांच्या घरी गेली. गावासारखी मीही त्यांना मोजणीदारच म्हणे. तोंडावर तेवढे मामा.

त्यांचा खरा वैरी म्हणजे झोळ. मोजणीची साखळी सैल धरली की मध्ये लोंबते, लांबी चुकते आणि दोन भाऊ बांधावरून कोर्टात जातात, असे ते सांगत. अंगणातली कपड्यांची दोरीसुद्धा त्यांना सैल खपत नसे. ओले धोतर खांद्यावर तसेच ठेवून ते आधी गाठ आवळत.

टोरांटोला मला संशोधनाची जागा मिळाली, तेव्हा मी त्यांना मोबाईलवर अंतर दाखवले. मुंबईपासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाने साधारण सोळा तास. नकाशावरची रेघ उत्तरेकडे वाकलेली पाहून ते नाराज झाले. वाकडी रेघ म्हणजे कुणीतरी मोजणीत कसूर केलेली. मी माझा शाळेतला पृथ्वीगोल काढला. त्यांनी दोन्ही शहरांवर सुतळी धरून ताणली, तेव्हा ती आपोआप ध्रुवाच्या बाजूने गेली. “सरळच हाय की,” ते म्हणाले, आणि बराच वेळ सुतळी सोडेनात.

मग त्यांनी वहीचे पान फाडले. “सोळा तास हे ताणलेलं माप. आता झोळ धर. तिथल्या तुझ्या खोलीपासून हितल्या उंबऱ्यापर्यंत.” तिकीट मिळणे, विमानतळ गाठणे, तपासणी, मुंबईहून गाडी, घाटातली खोळंबलेली वाहतूक. बेरीज छत्तीस आली. प्रकल्पाचा आढावा घ्यावा तशी मी एकेक बाब कापत ती एकतीसवर आणली आणि त्याचा मला अभिमान वाटला. मामांनी आकड्याखाली रेघ ओढली.

“मातीला एवढं थांबवीत न्हाईत,” ते म्हणाले.

आमच्याकडे माती म्हणजे अंत्यविधी. असे काही इतक्यात होणार नाही, असे मी म्हणाले. तेही मतच, असे म्हणून त्यांनी कागदाची घडी खिशात घातली. जाऊ नको असे ते म्हणाले नाहीत. मीही विचारले नाही.

दोन वर्षांनी शेजारच्या मास्तरांचा फोन आला, तेव्हा माती होऊन गेली होती. मी चिडून विचारले, आधी का कळवले नाही? शीतपेटी मिळत नव्हती का?

“मिळत होती, बाळ,” मास्तर म्हणाले. “पण त्यांनीच मला बजावून ठेवलं होतं. म्हणाले, थांबलात तर ती पोचल, मला ठाव हाय. पन इमानात फोन लागत न्हाई, मधी उतरता येत न्हाई. सोळा तास एकटी बसून काय करील ती?”

मी तरीही निघाले. खाली बर्फ होता. शेजारचा प्रवासी झोपला होता. समोरच्या पडद्यावर उरलेले अंतर कमी कमी होत होते. ते कोणापर्यंतचे होते, हे मला सांगता आले नसते.