बबनच्या मांडीवरचं पोर

हसायचंच असेल तर आधी हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल.

इंग्लंडात शिकून मी नुकताच चिंचवडला परतलो होतो. डोक्यात एकच शब्द: पेरेंटिंग, आणि त्याचे वर्ग घ्यायचे. वडिलांनी बजावलं होतं, "एक रविवार देतो. तुझा वर्ग चालला तर ठीक, नाहीतर सोमवारपासून कारखान्यात."

म्हणून चाकणला दादांची ओसरी मागायला गेलो. दादा म्हणजे तिथल्या एका मोठ्या घरातले थोरले. मुलगे, पुतणे, सुना, नातवंडं सगळी एकाच छपराखाली.

"पेरेंटिंग म्हंजे काय वो?" दादांनी विचारलं.

"आई-बापांनी मुलांना वाढवणं."

"आन् आजा, चुलता, चुलती? त्यांनी काय करायचं?"

माझ्या पुस्तकात तर फक्त आई-बापच होते. म्हटलं, "त्यांनी ऐकायला बसावं."

"बसतो की."

झाली ना पंचाईत? पण मला तेव्हा कुठे कळतंय. वर अट घातली, प्रत्येक बापाने पोर मांडीवर घेऊनच बसायचं.

रविवारी पाहतो तर दादा खाटेवर, खाली ओळीने तरणे बाप आणि प्रत्येकाच्या मांडीवर पोर. मी गहिवरलोच. दादांचा धाकटा मुलगा बबन, पिंपरीत फिटर, मांडीवरच्या पोरीला खेळवत होता.

"पाहा, याला म्हणतात पेरेंटिंग," मी सुरू झालो. "बापाचा स्पर्श पोरीला बरोबर कळतो. नाक तर हुबेहूब बबनरावांचं."

दाराआड बांगड्या वाजल्या. मला वाटलं, टाळ्या.

तेवढ्यात एक पोरगं रडत येऊन बबनची पँट ओढू लागलं. बबन त्याच्याकडे बघेचना. माझं डोकं फिरलं.

"कुणाचं मूल हे? याच्या बापाला काही लाज वाटते की नाही?"

"वाटती की," बबन मान खाली घालून पुटपुटला. "म्हणून तर घेतलं न्हाई."

शेवटी बबनची वहिनी दाराआडून बोलली, "भावजींचंच हाय ते. मांडीवरली पोरगी माझी. दादांम्होरं आपलं पोर कोण घेतंय? समद्यांनी भावाभावांची घेतल्यात."

दादा खोकले, वहाणा घातल्या आणि कांद्याच्या वखारीकडे निघाले. त्यांची पाठ वळली मात्र, ओसरीवर पोरं या मांडीवरून त्या मांडीवर जाऊ लागली. बबनने आपल्या पोराला असं काही छातीशी धरलं की मी व्याख्यानाचे कागद गुंडाळून खिशात घातले.

धावत जाऊन दादांना गाठलं. "दादा, वर्ग चालू ठेवू ना?"

"ठिवा की. पोरांच्या बापांना लई आवडलाय. फकस्त मी नसताना भरवा." दोन पावलं गेले, मग वळून म्हणाले, "आन् तुमी बी नका येऊ."