‘जलकन्या’चं वाकडं नाव

आमच्या काशीनाथच्या हाताला यश आहे, असं डहाणूचं अख्खं बंदर म्हणतं. ऐकलं की माझं डोकंच फिरतं! मी त्याची थोरली बहीण जमुना. बाजारात मासळी विकते, कुणाच्या बापाला घाबरत नाही.

शाळेत ड्रॉइंगच्या सरांनी त्याला अक्षरं शिकवली. आधी पेन्सिलीच्या हलक्या रेघा, मग श्वास रोखून ब्रश. पोरगं वेडंच झालं त्यात. ब्याऐंशी साली मुंबईला कमर्शियल आर्टला प्रवेशसुद्धा मिळाला.

पण आदल्या वर्षी नारूमामाने बोटीवर ‘जलकन्या’ त्याच्याकडून लिहून घेतलं होतं, आणि त्या मोसमात जाळी पापलेटने फाटायला आली. झालं! आमच्याकडे ज्याच्या हाताच्या नावाला मासळी लागली, त्याच्याशिवाय दुसऱ्याला ते नाव रंगवू देत नाहीत. बोटी रंगवायच्या नारळीपौर्णिमेआधी, कॉलेजही तेव्हाच सुरू. मामा म्हणाला, “एवढी पौर्णिमा होऊ दे, मग जा.” बाबा मामाच्याच बोटीवर खलाशी, नाही कोण म्हणणार? कॉलेजातली जागा गेली.

पुढच्या वर्षी अर्धं बंदर नावं रंगवून घ्यायला दारात. काशीनाथ माझ्यापाशी रडला, “ताई, मी इथेच सडणार गं.”

मग त्याने मुद्दाम नाव बिघडवलं. वरची रेघ घसरलेली, ‘ल’ फुगलेला, ‘न्या’ कसाबसा कोंबलेला. मामा भडकला, “डोळे फुटले काय रे? पुढच्या वर्षी दुसरा पेंटर बघतो, तू जा मुंबईला!” काशीनाथ इतका खूश, की वर्षभर आधीच ट्रंक भरून बसला. वयाच्या अटीत तेवढं एकच वर्ष उरलं होतं.

आणि त्या मोसमात मामाच्या जाळ्यात घोळ मासळी लागली, सोन्याच्या भावाने विकली जाणारी, अशी की बंदर बघायला लोटलं. जूनमध्ये मामा पेढे घेऊन हजर. “तस्संच वाकडं लिही हां, सरळ केलंस तर बघ!” मागोमाग बाकीचे, त्यांनाही वाकडंच हवं. ट्रंक माळ्यावर गेली.

परवा, म्हणजे सत्त्याण्णवात, शाळेच्या नव्या ड्रॉइंगच्या बाई मुलांना घेऊन बंदरावर आल्या. बोटींकडे बोट दाखवून म्हणाल्या, “अक्षर कसं काढू नये, ते नीट बघून घ्या.” काशीनाथ तिथेच रंग ढवळत होता. मी पदर खोचून उठले, तर त्याने माझा हात धरला.

“राहू दे, ताई. बरोबरच शिकवतायत त्या.”

आणि पुढच्या बोटीवर वाकडी रेघ ओढायला बसला.