शैलाताईंची घडीव नावं

शैलाताईंना भाऊ नव्हता, म्हणजे आत्या होण्याची सोयच नव्हती. ती हौस त्यांनी चिंचवडच्या आमच्या चाळीवर भागवून घेतली. बारसं कुणाचंही असो, नाव ठेवायला त्या हजर. आणि नावं तरी कसली! रुचिल, स्वनिका, तेजुल. पुराणात नाहीत, पंचांगात नाहीत. मी एकदा वैतागून अर्थ विचारला, तर म्हणाल्या, "अर्थ पोरगं कमवेल. आपण कोरं नाव द्यायचं."

कंपनीत लागलेल्या पोरांच्या बायकांना नेमकं तेच आवडे. गावात एका हाकेला चौघे ओ देतात. इथे प्रत्येकीला आपल्या बाळाचं एकट्याचं नाव हवं होतं.

चौऱ्याहत्तर साली शेजारच्या मुरारीला मुलगा झाला. त्याची बायको इंद्रायणी शैलाताईंच्या नावावर अडून बसली. बारशाला चाकणकडून मुरारीची आई कुशाबाई आली, ती पाळण्याची दोरीच सोडेना. वर्षापूर्वी तिचा नवरा वारला होता.

"माज्या मालकाचं नाव ठिवायचं. न्हाईतर त्ये नाव घरातनं जाईल."

"कोंडीराम," मुरारीने हळूच आम्हाला सांगितलं. इंद्रायणीचे डोळे भरले. आता जुंपणार, असं मला वाटलं.

शैलाताई कुशाबाईंजवळ जाऊन बसल्या. "ठेवू की. मान तुमचा. पहिली हाक तुम्हीच मारा."

कुशाबाई पाळण्यात वाकल्या. ओठ हलले, पण आवाज फुटेना. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे हाडीमासी खिळलेलं.

"उखान्यात घेतलं व्हतं," त्या पुटपुटल्या, "लग्नात. मंग अवो म्हनूनच जल्म गेला."

"आणि हा रांगत रस्त्यावर निघाला, तर हाक कशी माराल?" शैलाताईंनी विचारलं.

म्हातारी पदरात तोंड घालून रडली. आमचेही डोळे ओले झाले, उगाच कशाला लपवू? मग नाक पुसून म्हणाली, "सांगा बाई तुमचं. पर मला घेता येईल आसं."

शैलाताईंनी बाळाच्या कानात कुर्र केलं: रुणिल. बायकांनी त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे घातले.

कुशाबाई गावी परतल्याच नाहीत. दिवसभर आमच्या चाळीत त्यांची हाक घुमायची, "रुनिल! आरं रुनिल!" पोरगं मांडीवर असलं तरी. कान किटले, तेव्हा मी म्हटलं, "कुशाबाई, समोर तर आहे. एवढ्या हाका कशाला?"

"त्येंना मारायच्या ऱ्हायल्या व्हत्या," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हाक मारली.