कुंपणाची शिवण

शिंपीकाकांनी जन्मभर प्रत्येक कपड्याला दोन बोटं कापड जास्त धरलं, कारण कापड आटतं आणि गिऱ्हाईक फुगतं. घराला कुंपण घालायचं ठरलं, तेव्हा त्यांनी गळ्यातली टेप काढून स्वतःच माप घेतलं आणि सवयीनं चारी बाजूंना हातभर वाढवून परवानगीच्या अर्जात लिहिलं.

परवानगीची फी कुंपणाच्या लांबीवर होती. आकडा ऐकून काकू कडाडल्या, "एवढ्यात निम्मं कुंपण उभं राहिलं असतं!"

"असू दे गं. ऐनवेळी कमी पडायला नको," म्हणत काका फी भरून मोकळे झाले.

मग कचेरीतले साहेब जागा बघायला आले. त्यांनी नकाशा पाहिला, शेजारच्या वहिनींचे टोमॅटो पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"काका, तुमचं कुंपण यांच्या वाफ्यातून चाललंय!"

"थोडं शिवणीत जाईल की," काका बोलून गेले.

"अहो, कुंपण आटत नाही! नवा अर्ज करा, नवी फी भरा."

"आणि आधी भरलेली?" काकांनी चाचरत विचारलं.

साहेबांच्या आधी काकूच म्हणाल्या, "ती आटली."