नाव पुकारल्याबिगर

उदगीरची निजामाच्या काळातली जुनी कोर्टाची इमारत दोन दिवस लोकांना बघायला खुली केली होती. आत गेल्या गेल्या लोक आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून फोटो काढायला लागले.

एक म्हातारा मात्र दारातच थांबला. त्यानं चपला काढल्या, सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलं आणि चौकट धरून उभा राहिला. नजर न्यायाधीशाच्या रिकाम्या खुर्चीवर.

"आत या की, मामा," माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या.

"शिपायानं नाव पुकारल्याबिगर कसं येऊ?"

सगळे हसले. तो हसला नाही. चौकटीवरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

मला वाटलं, आपणच त्याची अडचण सोडवावी. जवळ जाऊन म्हणालो, "नाव सांगा, मामा. मी पुकारतो."

त्यानं झटकन माझं मनगट धरलं.

"नको, साहेब. इथं माझं नाव घेऊ नका. लई वर्षांनी सुटलंय ते इथून."

मागं पिंजऱ्यातून कुणीतरी सांगत होतं, "आणखी एक काढ."